ब्याऐंशी नंबरचा वॉल

दिनांक ११ मार्च २०२५, मंगळवार. तीनशे चाळीस रुपये.

अकोल्यात उत्तमरावांचे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. तिथे सत्यवतीबाईंनी त्या दिवशी घेतलेल्या थर्मोस्टॅटची ही किंमत. पितळेची वस्तू, आकाराने मोठ्या पेढ्याएवढी. गॅरेजवाले तिला नुसते 'वॉल' म्हणतात. इंजिन गार असेपर्यंत तो वॉल पाण्याची वाट बंद ठेवतो. इंजिन ठरलेल्या अंशापर्यंत तापले की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे निवायला जाऊ देतो. काम एवढेच.

बाई पहाटे अमरावतीहून निघून बाळापूरला गेल्या होत्या, झेंडू आणायला. फुलांचे पैसे चुकते करून त्यांच्याजवळ तीनशेच उरले होते. माझे अकोल्यातले ऑफिसचे काम आटोपले होते, म्हणून परतीला मी त्यांच्या गाडीत बसलो होतो. चाळीस कमी पडताना पाहून मी खिशात हात घातला.

"भाऊ, हात बाहीर काढा," बाई म्हणाल्या. "माह्या गाडीचा वॉल माह्याच पैशाचा पायजे."

उत्तमराव हसले. "असं करा बाई. गाडी वरातीत उकळली, त चाळीस माफ. नाही उकळली, त आनून द्या."

"म्हंजे तुमाले तुमच्या मालाचा भरोसा नाही का?"

"मालाचा हाये वो. वरातीचा नाही."

हे बोलणे समजायला थोडे मागे जावे लागेल.

सत्यवतीबाई राजकमल चौकाच्या अलीकडे फुले विकतात. माझ्या ऑफिसच्या वाटेवर त्यांचे दुकान आहे आणि देवघरातली फुले मी कितीतरी वर्षे तिथूनच घेतो. मी एका सहकारी संस्थेत लेखापाल आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. बाईंचे घर फुलमळ्याचे. माहेर बाळापूरजवळ, तिथे भाऊ अजून झेंडू आणि शेवंती करतात. नवरा सहदेव हार गुंफण्यात पटाईत. पूर्वी हे दोघे लोकांच्या दारात उभे राहून लग्नाच्या गाड्या सजवीत. पंधरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या घरची १९८२ सालची पांढरी ॲम्बेसिडर विकायला निघाली, तेव्हा बाईंनी हिशेब मांडला, की दुसऱ्याच्या गाड्या सजवतोच आहोत, स्वतःची एक असली तर भाडेही घरात येईल. गाडी घेतली. मग ती चालवणार कोण, हा प्रश्न पुढे आला. सहदेवभाऊंची नजर अधू, मुलगा चंदन तेव्हा शाळेत. बाई वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्टेअरिंगवर बसल्या. शिकवणाऱ्याने विचारले, "मावशी, क्लच समजला ना?" त्या म्हणाल्या, "मले समजला. पायाले समजाले टाइम लागन."

आज त्या एकोणसाठ वर्षांच्या आहेत. पदर खोचलेला, गाडीची चावी कमरेला. लग्नघरचे लोक फोनवर "मावशीची गाडी" अशीच मागणी करतात. गाडीचा त्यांना एवढा लळा का, हे मी एकदा विचारले होते.

"दुकानात बसली का लोक म्हनतात, ए फुलवाली, गजरा कितीचा? स्टेअरिंगवर बसली का म्हनतात, मावशी, निघाचं का? बाई तेच, भाऊ. बसाची जागा बदलली."

दोन हंगामांपासून मात्र गाडी वरातीत तापू लागली होती. हमरस्त्यावर काही होत नसे, वरात रेंगाळली की बॉनेटमधून वाफ येई. या फेब्रुवारीत तर साईनगरच्या एका लग्नात नवरदेवाला उतरावे लागले. फेटा सांभाळत तो मेहुण्याच्या स्कूटीवर मागे बसून मांडवात पोचला. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला.

चंदन आता धंद्याचे फोन, फोटो, बुकिंग पाहतो. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यासमोरच त्याने विषय काढला.

"माय, लोक पैसे वापस मांगून राहिले. मूर्तिजापूर रोडवरचा ढाबेवाला केशवराव हाये ना, त्याले गाडी पायजे. ढाब्याच्या दारात उभी ठेवीन म्हनते, फुलं लावून. लाखाच्या वर देते."

"चालती गाडी दारात बांधून ठेवाले ते बकरी हाये का?"

"चालती हाये कुठं? वरातीत त लोकच ढकलून राहिले."

सहदेवभाऊ हार गुंफता गुंफता थांबले. बाईंनी कमरेची चावी काढून गल्ल्यावर ठेवली.

"आखाजीच्या लग्नाचं बुकिंग हाये. त्या वरातीत उकळली, त हे चावी मी सोता केशवरावच्या हाती देईन."

"अन् नाही उकळली त?"

"त पुन्हा त्याचं नाव माह्यापुढं काढू नको."

चंदनने मान हलवली. बाईंनी चावी पुन्हा कमरेला खोचली. अक्षय तृतीया तीस एप्रिलला होती. दोन महिने हातात होते.

बाई पहिल्यांदा श्रावण मिस्त्रीच्या गॅरेजवर गेल्या. मीही सोबत होतो. श्रावण मिस्त्री बाईंची गाडी पहिल्यापासून पाहतो. त्याने रेडिएटर साफ केला, फॅनचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप उघडून पाहिला. सगळे ठीक होते.

"अन् तो वॉल?" बाईंनी विचारले. "बाळापूरचा आमचा भाऊ म्हनत होता, वॉल पाहा."

"तुमच्या गाडीत वॉल नाहीच मावशी. मीच काढला व्हता, कवाचा."

"काहून?"

"आता काहून म्हंजे! आपल्याकडं थंडी कुठं हाये? वॉल पानी अडवते. उन्हाच्या गावात पानी अडवाचं कायले? गाडी आली का मी पहिले वॉल काढतो. सारेच काढतात."

आणि ते खरेच आहे. वऱ्हाडात जुनी गाडी गॅरेजमध्ये शिरली की पहिल्या दिवशी तिचा वॉल जातो. कोणी सांगावे लागत नाही. श्रावणने कोपऱ्यातला तेलाचा जुना डबा ओढून दाखवला. आत गंजलेले, काळे पडलेले वॉल काठोकाठ भरले होते.

"याच्यात माह्या गाडीचा कोनता?"

"काढलेल्या दाताचा नंबर कोन ठेवते मावशी?"

बाईंनी डबा जमिनीवर उपडा केला. ॲम्बेसिडरच्या मापाचे तेवढे वेगळे काढले आणि पदराने पुसून मला वाचायला दिले. प्रत्येकावर अंशाचा आकडा ठोकलेला असतो. एकावर ७४ होते. बाकी झाडून साऱ्यांवर ८२.

"म्हंजे बनवनाऱ्यानं ब्याऐंशीच देला होता," बाई म्हणाल्या.

मला ते पटले नाही. आपल्या उन्हात चौऱ्याहत्तरवर उघडणारा बरा, गाडी तेवढीच गार राहील, असे मी म्हणालो. श्रावणनेही मान डोलावली. बाईंनी तो एक चौऱ्याहत्तरचा आणि एक जुना ब्याऐंशीचा पिशवीत टाकला. अकोल्याला उत्तमरावांनीही "गरम गाव हाये, चौऱ्याहत्तर न्या, सारे तोच नेतात" असेच सांगितले होते. बाईंनी तरी नवा ब्याऐंशीचा घेतला. बसवायची मात्र घाई केली नाही.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावले. गॅसवर पातेले होते. तिन्ही वॉल हाराच्या दोऱ्याने उलथन्याला बांधून पाण्यात सोडलेले. पेढे करणाऱ्या शेजाऱ्याकडून दूध तापवायचा थर्मामीटर मागून आणला होता. तो वाचायचे काम माझे. सहदेवभाऊ खाली बसून निशिगंधाचे हार करत होते.

"आज वरन कायचं हाये?" त्यांनी विचारले.

"वॉलचं," बाई म्हणाल्या.

"मीठ पाहून टाकजो."

पाणी तापू लागले. सत्तरच्या पुढे गेल्यावर चौऱ्याहत्तरच्या वॉलची चकती हळूच वर उचलली गेली आणि कडेने फट दिसू लागली. नवा ब्याऐंशीचा तसाच मिटलेला. मी आकडे मोठ्याने सांगत होतो. ऐंशीच्या पुढे त्याचेही तोंड उघडले. जुना ब्याऐंशीचा मात्र पाणी खदखदायला लागले तरी उघडला नाही.

"हा श्रावनचा पाहुना, उठतच नाही," सहदेवभाऊ म्हणाले.

बाईंचे लक्ष दुसरीकडेच होते. त्यांनी उलथने वर धरून दोन्ही चालू वॉल शेजारी शेजारी पाहिले.

"भाऊ, आता पाहा. उकळाच्या पहिले दोघंबी पुरे उघडले. दोघाईचं तोंड सारखंच."

"हो."

"मंग वरातीत गाडी उकळाले येईन तवा चौऱ्याहत्तरवाला जास्त काय करनार? तो त फक्त लवकर उठते. उठल्यावर काम दोघाईचं एकच." त्यांनी गॅस बंद केला. "अन् त्या चौऱ्याहत्तरनं पहाटी बाळापूरले जाताना इंजिन थंडंच राहीन, पेट्रोल पीत. ब्याऐंशीच बसवू."

वॉलचा आकडा म्हणजे गाडी किती तापेल याची हमी नव्हे. पाण्याची वाट केव्हा उघडेल, एवढेच तो सांगतो. पातेल्यात हे माझ्याही डोळ्यांना दिसले, म्हणून मीही चौऱ्याहत्तरचा हट्ट सोडला.

श्रावणने कुरकुरत वॉल बसवला. "मावशी, आखाजीले मले शिव्या देऊ नका," एवढे बजावले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाई बाळापूरला जाऊन आल्या आणि दुकान उघडताच मला हाक मारली. पूर्वी डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा हमरस्त्यावर तळाशी लोळत असे, गावात वाटेल तिकडे फिरे. आता बडनेरा मागे पडताच तो मधोमध आला आणि बाळापूरपर्यंत तिथेच उभा राहिला. येतानाही हलला नाही.

"चौकातल्या पुतळ्यावानी उभा हाये," त्या म्हणाल्या. महिनाभर त्या खुशीत होत्या.

एप्रिलच्या मध्यात रुक्मिणीनगरात एक लहानसे लग्न होते. वरात निघाली, पहिल्या चौकात पोरे नाचू लागली, आणि काटा मधून हलला. वर चढू लागला. लाल रेघेला टेकायच्या आत बाईंनी गाडी एका निंबाच्या सावलीत घेऊन बंद केली आणि बँडवाल्यांना ओरडून सांगितले, "इथं दोन गाने जास्तीचे वाजवा, नवरदेवाले नाचाचं हाये!" नवरदेव खरेच उतरून नाचला. तेवढ्यात काटा खाली आला. वाफ निघाली नाही, कोणाला कळलेही नाही. पण बाईंना कळले होते आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या चंदनलाही.

संध्याकाळी दारात गाडी उभी होती. चंदन म्हणाला, "माय, केशवराव आजबी फोन करत होता." श्रावण येऊन पाहून गेला. "काढू का वॉल?" एवढेच त्याने विचारले. तीनशे रुपये, तीन माणसांचा सल्ला मोडणे, पातेले, थर्मामीटर, सगळे वाया गेल्यासारखे दिसत होते.

बाई पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, वॉल चांगला आहे, आपण तपासला आहे.

"वॉल चांगलाच हाये," त्या म्हणाल्या. "म्हनूनच त समजून राहिलं. पहिले काटा कुठंबी राहे, तवा त्याच्या हालन्याले काही मतलब नोता. आता तो एका जागी उभा राहते. आज हालला म्हंजे आज काहीतरी येगळं होतं. बाळापूरच्या रस्त्यावर जे नसते अन् वरातीत असते, असं काय?"

"नवरदेव," सहदेवभाऊ म्हणाले.

"नवरदेव काही इंजिनावर बसला नोता." त्या उठल्या. "हळू चालनं म्हनाल, त मी परवाच भाजीबाजारातून अशीच रेंगत आली. काटा नाही हालला."

बोलता बोलता त्या गाडीची सजावट उतरवू लागल्या. समोरची झेंडूची चादर ओढली तर ती सहजी निघेना, आतून चिकटल्यासारखी बसली होती. जोर करून ओढली. मागे जाळी, जाळीच्या मागे रेडिएटर. त्याच्या बारीक पात्यांत झेंडूच्या पाकळ्या ओढल्या जाऊन गच्च बसल्या होत्या. बाईंनी एक पाकळी नखाने काढली, मग दुसरी. मग त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहिले.

ती चादर सहदेवभाऊंची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा गाडीचे अख्खे तोंड झेंडूने भरले होते, फुलाला फूल इतके लागून की मागचा पत्रा कुठे दिसू नये. तो फोटो गावभर फिरला आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक "समोरून पूर्ण भरलेली" मागते. गाडी तापू लागली तीही दोन वर्षांपासून. रेडिएटरला हवा आत यायची वाट तीच आणि ती दर लग्नात झेंडूने लिंपली जात होती. सजावट जितकी दाट तितकी हवा कमी.

"माह्या फुलानं गाडी उकळते म्हनतं?" सहदेवभाऊ म्हणाले.

"मी कुठं म्हनली? पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहून घेतले. गल्लीतून गाडी माणसाच्या चालीने चार वेळा मोकळ्या तोंडाने फिरवली, काटा जागचा हलला नाही. मग तीच चादर बांधून फिरवली. तिसऱ्या फेरीला काटा उठला. चंदन शेजारी बसून काट्याचा व्हिडिओ काढत होता. उतरल्यावर त्याने चादर सोडायला मदत केली.

सहदेवभाऊंचे दिवसभर हातातले काम चालू, पण नजर खाली. चुकीची वस्तू विकण्यापेक्षा सर्वांत चांगली वस्तूच चुकीची निघणे कारागिराला जड जाते. जेवायच्या वेळी त्यांनी ताट पुढे ओढले आणि विचारले, "चंदनची माय, जाळी पुरीच मोकळी पायजे का?"

"पुरी."

"मंग तोंडाले मुंडावळ्या बांधू. कपाळावर भरीव, बाजूनं लोंबत्या, मधात मोकळं. नवरदेवाले बांधते तशा."

"अन् लोक म्हनतीन, फुलं वाचवली?"

"तितली फुलं बॉनेटवर टाकतो ना. मोर काढतो."

तीस एप्रिल. पारा त्रेचाळीसच्या वर. गाडीच्या बॉनेटवर झेंडू आणि शेवंतीचा मोर होता, पिसारा काचेपर्यंत पोचलेला. जाळीच्या वर दाट पट्टी, दोन्ही बाजूंना निशिगंधाच्या मुंडावळ्या, मधे चकचकीत मोकळी जाळी. नवरदेवाचे मामा गाडीभोवती फिरले आणि समोर येऊन थांबले.

"मावशी, फोटोत त पुरं भरलेलं होतं. इथं समोर खाली काहून?"

"ते गाडीचं नाक हाये मामा. तुमच्या भाच्याचं नाक मी फुलानं बुजवू का?"

भोवतालची माणसे हसली, मामाही हसले आणि बसा बसा करू लागले.

वरात निघाली. पुढे डीजे, मागे बाया, मधे गाडी. प्रत्येक चौकात मुक्काम. चंदन गाडीच्या बाजूने पाण्याची कॅन घेऊन चालत होता, वेळ आलीच तर म्हणून. सहदेवभाऊ मागच्या रिक्षात होते. मी बाईंच्या आग्रहाने गाडीच्या मागच्या सीटवर, नवरदेवाच्या करवलीशेजारी अंग चोरून बसलो होतो. सत्यवतीबाई जितक्या वेळा बाहेर पाहत होत्या तितक्याच वेळा काट्याकडे पाहत होत्या. जयस्तंभ चौकात सगळ्यात जास्त वेळ गेला. एकाच गाण्यावर पोरे पुन्हा पुन्हा नाचली. काटा मधून सुटला. थोडा वर गेला. बाईंनी स्टेअरिंगवरचा हात काढून पदराने पुसला. काटा आणखी रेघभर चढला आणि तिथे थांबला. लाल खुणेपासून चांगला अलीकडे. खिडकीतून चंदनने वाकून पाहिले.

"माय?"

"चाल पुढं. नाचू दे त्याईले."

गाडी मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. बॉनेट उघडावे लागले नाही. नवरदेव उतरला, त्याच्यावर फुले पडली. चंदनने हातातली पाण्याची कॅन डीजेच्या पोरांपुढे ठेवली आणि म्हणाला, "प्या रे, भरलेलीच हाये."

दुसऱ्या दिवशी केशवरावांना नकाराचा फोन त्यानेच केला. मे महिन्याच्या सगळ्या बुकिंगसाठी आता मोराचा फोटो जातो आणि त्याखाली चंदनने लिहिले आहे: समोरची जाळी मोकळी राहील. श्रावण मिस्त्री अजून गाड्यांचे वॉल काढतोच, मात्र काढलेल्याचा आकडा खडूने बॉनेटच्या आत लिहून ठेवतो. सहदेवभाऊ सध्या हत्ती जमतो का ते पाहत आहेत.

बाई बाळापूरला जातात तेव्हा अकोल्यात उत्तमरावांचे दुकान उघडलेले नसते. येताना आता मे महिन्याच्या उन्हात फुले वाळतील म्हणून थांबता येत नाही. उत्तमरावांचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.